झोन नेमका कशामुळे आला?

खानापूरच्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीनं जांभळाच्या पानांच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण केले होते. ई. कोलाय जिवाणूंच्या प्लेटवर तिला १४ मिमीचा झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं मोकळं वलय, मिळाला होता. "सर, झोन छान आलाय की! पेपर लिहायला घेऊ?" असं विचारतच ती बेळगावात आमच्या प्रयोगशाळेत आली. द्रावण गडद तपकिरी होतं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर प्रकाशशोषणाचं शिखर ४३० नॅनोमीटरच्या आसपास येत होतं, म्हणजे कण नक्की झाले होते. पण त्या द्रावणात कणांखेरीज आणखी काय उरलंय, हे कुणी तपासलं नव्हतं.

तिची कृती नेहमीचीच. १० ग्रॅम धुतलेली पानं १०० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात ७० अंशांवर २० मिनिटं ठेवायची आणि गाळून घ्यायची. मग १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटचे (लिटरला ०.१७ ग्रॅम) ९० मिलि घेऊन त्यात १० मिलि अर्क घालायचा. रंग बदलला की काम झालं, असं बहुतेक जण धरून चालतात. पण थोडी चांदी कण झाली तरी रंग गडद दिसतो; बाकीची चांदी आयनाच्या (विद्युतभारित अणूच्या) रूपात तशीच राहू शकते, आणि चांदीचा आयन स्वतःच जिवाणू मारतो.

कण तळाला बसावेत म्हणून मी तिला द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० आरपीएमवर २० मिनिटं फिरवायला सांगितलं. वरचं निवळ २ मिलि परीक्षानळीत घेतलं आणि १ टक्का मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले. क्षणात नळी ताकासारखी पांढरी झाली. विरळ नायट्रिक आम्ल घातलं तरी साका विरघळेना आणि खिडकीतल्या उजेडात तो हळूहळू जांभळट पडत गेला. सिल्व्हर क्लोराइडच. म्हणजे भरपूर चांदी अजून आयनरूपातच होती.

मग म्युलर-हिंटन अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) एकाच प्लेटमध्ये पाच विहिरी, म्हणजे द्रावण भरायची भोकं, पाडल्या: मूळ द्रावण, निवळ, तीनदा धुऊन पुन्हा मूळ आकारमानाला आणलेले कण, नुसतं सिल्व्हर नायट्रेट आणि नुसता अर्क. कण धुताना तळातला गाळ सुकू द्यायचा नाही. एकदा सुकला की गुठळ्या होतात आणि सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या यंत्रात) कितीही ठेवा, पुरत्या सुटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट उघडली, तेव्हा मूळ द्रावणाचा झोन १४ मिमी होता, निवळाचा १३. अर्काभोवती काहीच नव्हतं. धुतलेल्या कणांचं वलय विहिरीच्या काठाला जेमतेम चिकटलेलं. पोरीचा चेहरा उतरला. "म्हणजे माझे कण कामाचे नाहीत का हो सर?"

तसंही नाही, आणि हे तिला लगेच सांगणं मला महत्त्वाचं वाटलं. कण अगारमधून फारसे सरकत नाहीत, आयन सहज पसरतात. झोनचा व्यास पसरण्यावरही अवलंबून असतो, त्यामुळे नॅनोकणांची ताकद त्यावरून ठरवू नये. तेच धुतलेले कण ९६ खणांच्या प्लेटमध्ये दुपटी-दुपटीनं विरळ करत नेले, मिलिमागे सुमारे ५ लाख जिवाणू घातले. कणांच्या रंगामुळे गढूळपणा डोळ्यांनी कळत नाही, म्हणून प्रत्येक खणातला थेंब अगारवर टाकून वाढ बघितली. पहिल्या काही खणांत वाढ नव्हती. कण काम करत होते, आणि आता ते खात्रीनं म्हणता येत होतं.

आयन उरले कशामुळे? अर्काचा पीएच आम्लधर्मी होता. आयनांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांचे कण करतात ती अर्कातली पॉलिफेनॉलं, आणि आम्लात ती चांदीला इलेक्ट्रॉन द्यायला ढिली पडतात. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं घालून पीएच ८ वर आणला, तेव्हा निवळात मिठाचा थेंब टाकल्यावर जेमतेम झाक उठली. घाईनं जास्त पडलं तर तपकिरी सिल्व्हर ऑक्साइड बसतं आणि नवशिक्याला तेही कणच वाटतात. पानं शेवटी नळाच्या पाण्यानं धुतली, तरी त्यातलं क्लोराइड चांदी खातं; पानाच्या रसातही ते थोडं असतंच. म्हणून एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीत) ३८.१ अंशांचं चांदीचं शिखर बघून थांबू नये, ३२.२ला सिल्व्हर क्लोराइडचं शिखर उभं आहे का तेही बघावं. काचसामान विरळ नायट्रिक आम्लानं धुवावं. अम्लराजानं (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणानं) चांदीवर क्लोराइडचाच थर बसतो.

उरलेली द्रावणं सिंकमध्ये ओतायची नाहीत, यावर मी अडून बसतो. शहराचं सांडपाणी बळ्ळारी नाल्यातून शहापूर-वडगावच्या भातशिवाराकडे जातं आणि चांदी पाण्यातल्या जिवांना फार थोड्या प्रमाणातही विषारी असते. आम्ही काळ्या बाटलीत जमवतो, मीठ घालून साका बसवतो आणि घातक कचऱ्यात देतो. त्या बाटलीत अमोनिया कधीही जाऊ द्यायचा नाही. पीएच वाढवायलाही तो नको: चांदीचं अमोनियायुक्त द्रावण ठेवून दिलं, तर स्फोटक साका तयार होऊ शकतो.