पांढऱ्या पेशी ४८,००० आणि गळवात पू नाही

चार वर्षांची मुलगी, कुर्ल्याहून आलेली. सगळ्या दुधाच्या दातांभोवती हिरड्या लालभडक, तपासणीची सळई (प्रोब) टेकली की रक्त, दाढा बोटाने हलताहेत. "दुधाचेच आहेत ना, पडणारच," आई म्हणाली. पण दुधाच्या दाढा पडतात ९ ते १२ वर्षांत.

एक्स-रेत मुळांभोवतीचं हाड जवळपास संपलेलं. तळहात-तळपाय मऊ, म्हणजे ते जाड करणारा आनुवंशिक आजार पॅपिलॉन-लेफेव्र नाही. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर वयाला साजेसं, म्हणजे ते कमी पडणारा हायपोफॉस्फेटेशियाही नाही. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी ४८,०००, म्हणजे कितीतरी जास्त. जुन्या रिपोर्टांत, ताप नसतानाही, ३०,०००च्या वरच. स्मिअरमध्ये ब्लास्ट, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात दिसणाऱ्या अपक्व पेशी, नाहीत; नुसत्या पक्व न्यूट्रोफिल, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. दर वेळी 'इन्फेक्शन' म्हणून अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलेलं.

"गळवं येतात, पण पू धरत नाही." नाळ? "महिना उलटला तरी पडली नव्हती." नवरा तिच्या आत्याचा मुलगा, म्हणजे लग्न नात्यातलं. संशय आता एकाच आजाराचा: एलएडी-१, म्हणजे पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटता न येण्याचा जन्मजात आजार.

न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीवर आधी सिलेक्टिन या चिकट प्रथिनांच्या आधाराने घरंगळते. मग तिच्यावरची बीटा-२ इंटिग्रिन ही प्रथिनं भिंतीवरच्या आयकॅम-१ या प्रथिनाला घट्ट धरतात, तेव्हा कुठे ती थांबून बाहेर पडते. या इंटिग्रिनांचा सामाईक भाग सीडी१८. त्याचा जीन, आयटीजीबी२, आई-बाप दोघांकडून सदोष आला की एलएडी-१. पेशी बाहेर पडत नाहीत, म्हणून रक्तात साचतात आणि गळवात पू धरत नाही.

रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत २ मिली रक्त, बर्फात न ठेवता, त्याच दिवशी परळला केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्थेत पाठवलं. सोबत त्याच वेळी काढलेला निरोगी माणसाचा नमुना. तो नसेल तर सिग्नल आजाराने घटला की रक्त शिळं झाल्याने, हे कळत नाही. निरोगीच्या तुलनेत सीडी१८ ५ टक्के आलं, म्हणजे मध्यम प्रकार. २ टक्क्यांखाली तीव्र धरतात.

पेशी पोचत नाहीत म्हणून जंतू हिरडी खातात, हे जुनं स्पष्टीकरण अपुरं आहे. न्यूट्रोफिल ऊतीत पोचली नाही तर आयएल-२३ आणि आयएल-१७ या दाह वाढवणाऱ्या संदेश-प्रथिनांचा मारा थांबत नाही आणि हाड त्यातच झिजतं. हे २०१४मध्ये दाखवलं गेलं. म्हणूनच कितीही स्केलिंग (दातांची सफाई) करा, हिरडी परत तशीच. २०१७मध्ये एका रुग्णाच्या हिरड्या आयएल-२३ अडवणाऱ्या उस्टेकिनुमॅब या औषधाने शांत झाल्या. पण एका रुग्णावरून सरसकट द्यावं, असं मला वाटत नाही.

फार हलणाऱ्या दाढा अँटिबायोटिकच्या आडोशाने काढल्या; जखम उशिरा भरेल, हे घरच्यांना आधीच सांगितलं. मुळावरचा उपाय मूळपेशी प्रत्यारोपण. धाकट्या भावाची एचएलए (ऊतींची) जुळणी सुचवली, शिवाय त्याचंही सीडी१८. एकच सदोष जीन असलेल्या वाहकाचं साधारण निम्मं येतं, तो निरोगी असतो आणि दाता म्हणून चालतो. बाधित निघाला तर दाता दुसरीकडे शोधायचा आणि त्याचेही उपचार सुरू करायचे.