तुम्ही विचारलंत म्हणून: लाईट नाही तिथं लस कशी पोचते?

नवी पेठेत माझं मेडिकल आहे. मे महिन्यात लाईट गेली की मी आधी लशींच्या फ्रीजकडे धावतो, आणि ते बघून कुणीतरी विचारतंच, सोलापुरात ही तऱ्हा तर आफ्रिकेतल्या खेड्यात लस कशी देत असतील हो?

तर मेनआफ्रिव्हॅक नावाच्या लशीचं सांगतो. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या दिवसांत धुळीचे वारे सुटले की मेंदूज्वराची साथ यायची, ए गटाच्या जीवाणूची. १९९६-९७ मध्ये अडीच लाख लोक आजारी पडले, २५ हजार गेले. जुनी लस होती, पण ती नुसती जीवाणूवरच्या साखरेच्या आवरणाची, दोन वर्षांच्या आतल्या बाळांना तिचा फारसा उपयोग होत नव्हता. ती साखर एखाद्या प्रथिनाला जोडली की शरीर ती लक्षात ठेवतं, हे शास्त्रज्ञांना माहीत होतं. अडलं होतं पैशावर.

२००१ मध्ये पाथ ही आरोग्यावर काम करणारी संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी गेट्स फाउंडेशनच्या पैशातून काम हाती घेतलं, तेव्हा आफ्रिकेतल्या अधिकाऱ्यांनी सरळ सांगितलं, डोस ५० सेंटच्या वर गेला तर परवडणार नाही. म्हणजे किंमत आधी ठरली आणि लस नंतर बनली, आणि मला तर सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. जोडणीची पद्धत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेच्या लॅबमधून आली, प्रथिन धनुर्वाताच्या लशीतलं, आणि बनवली कुठं तर आपल्या पुण्यात, सीरममध्ये! ६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली.

आता फ्रीजचं. २०१२ मध्ये मान्यता मिळाली की ही लस ४० अंशांपर्यंत चार दिवस फ्रीजबाहेर चालते (हे या लशीचं हां, घरी बाकीच्या लशींना लावू नका). बर्फाचं ओझं नाही, सोबत तापमान दाखवणारा एक दर्शक ठेवायचा, पारा ४० च्या वर गेला की त्याचा रंग बदलतो. आमच्याकडं मेमध्ये ४० म्हणजे रोजचंच, म्हणून त्या आकड्याची किंमत मला जरा जास्त कळते.

२०१७ पासून त्या पट्ट्यात ए गटाचा एकही रुग्ण सापडलेला नाही. बाकीचे गट राहिलेच होते, त्यांच्यासाठी पाच गटांची लसही पुण्यातच बनली आणि २०२४ च्या मार्चमध्ये नायजेरियात पहिल्यांदा द्यायला सुरुवात झाली.