बेडफर्डचं जहाज आणि बाबा

लंडनचे चार दिवस गर्दी, रांगा आणि बाबांचे गुडघे यातच गेले, त्याबद्दल काही लिहीत नाही. लिहायचंय ते बेडफर्डबद्दल. सेंट पॅनक्रसहून ट्रेनने तासाभराच्या आत पोचतो. तिथल्या द हिगिन्स म्युझियममध्ये इंग्रज चित्रकार टर्नरचं १८१८ चं एक वॉटरकलर आहे, बंदरात सामान भरून घेणारं शिडाचं लढाऊ जहाज. मी आधी एकदा न विचारता गेले होते तेव्हा ते लावलेलंच नव्हतं. वॉटरकलर उजेडाने फिकं पडतं म्हणून अशी चित्रं आलटून पालटून बाहेर काढतात, हे मला आधी कळायला हवं होतं. यावेळी ईमेल करून, खात्री करून मगच बाबांना घेऊन गेले.

चित्र केवढं, तर ए थ्री कागदाहून जरा लहानच, साधारण २९ बाय ४० सेंटिमीटर. आणि त्यात 'फर्स्ट रेट' जहाज, म्हणजे तोफांचे तीन मजले, १०० किंवा त्याहून जास्त तोफा. उजेड मंद होता. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना नीट दिसेना, तर तिथल्या एका बाईंनी न सांगता स्टूल आणून दिलं. इतकं बरं वाटलं मला!

बाबा आयुष्यभर गोदीत फिटर होते. बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "अगं, आपण होडीत बसलोय." आणि खरंच की! आपली नजर अगदी पाण्यालगत आहे, शेजारी सामानाच्या लहान लहान होड्या आणि त्यांच्यावर जहाजाची बाजू भिंतीसारखी चढत गेलीय. "लाँचमधून जहाजाला लागताना अस्संच वाटायचं, मान वर करून करून दुखायची," म्हणाले. मी इतक्यांदा फोटोत बघितलेलं, पण हे मला कधी दिसलं नव्हतं.

मग मी त्यांना ते चित्र कसं झालं ते सांगितलं. यॉर्कशायरमधल्या फार्नली हॉलमध्ये, समुद्रापासून लांब, यजमान वॉल्टर फॉक्स नाश्त्याच्या वेळी म्हणाले की युद्धनौका केवढी असते याची कल्पना येईल असं काहीतरी काढ. त्यांचा मुलगा सकाळभर टर्नरच्या शेजारी बसून होता. टर्नरने कागद चिंब होईपर्यंत रंग ओतला, मग खरवडलं, घासलं, सगळा नुसता गोंधळ, आणि जेवायच्या वेळेपर्यंत त्यातून जहाज उभं! समोर कुठलं जहाज नाही, सगळं डोक्यातून. बाबा पुन्हा वाकून दोरखंड बघायला लागले.

परत येताना ट्रेनमध्ये मी म्हटलं, त्याच्या आदल्याच वर्षी, १८१७ ला, मुंबईच्या गोदीत वाडियांनी 'ट्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका बांधली, ती अजून इथे इंग्लंडमध्येच हार्टलपूलला पाण्यात उभी आहे.

"सागवानी?" बाबा सरळ होऊन बसले. "मग उद्याच जाऊ. हात लावू देतात ना?"