वाळवणाच्या खोलीत समजलेले ऑपरेशन्स मॅनेजमेंट

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही पीठ मळण्याचे यंत्र घेतले आणि त्यानंतरच्या पंधरा दिवसांत आम्हाला अकरा किलो पापड फेकून द्यावे लागले. मिरजेत माझ्या वहिनी आणि मी मिळून उडदाचे पापड, मेतकूट आणि भाजणी असा छोटा गृहउद्योग चालवतो आणि गल्लीतल्या सहा जणी आमच्याकडे लाटायला येतात. यंत्र येण्यापूर्वी पापडाचे घट्ट पीठ तेलाचा हात लावून कुटण्यात सकाळचे दोन तास जात आणि वहिनींचे खांदे भरून येत, त्यामुळे आमचे काम अडते ते इथेच, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. यंत्राने तेच पीठ वीस मिनिटांत तयार होऊ लागले, लाट्या भराभर पडू लागल्या आणि दिवसाला बारा किलोंऐवजी वीस किलो पापड लाटून होऊ लागले.

वाळवणाची खोली मात्र होती तेवढीच होती. तिथे जाळीच्या बारा तट्ट्या होत्या आणि एका तट्टीवर साधारण किलोभर पापड मावत. जास्तीचे पापड एकावर एक रचले गेले, मधले ओले राहिले, काही एकमेकांना चिकटले, काहींच्या कडा वळल्या, आणि चौथ्या दिवशी खालच्या थप्पीला हात लावला तेव्हा कुबट वास आला. हिंग, मिरे आणि पापडखार घातलेले, सहा जणींनी मन लावून लाटलेले ते पापड टाकून देताना जे वाईट वाटले, ते नुसत्या पैशांचे नव्हते.

त्यानंतर चार दिवस मी घड्याळ आणि वही घेऊन बसले. मळायला वीस मिनिटे, लाट्या करायला अर्धा तास, लाटायला दुपारपर्यंतचा वेळ आणि वाळायला रात्र धरून पुरता एक दिवस, असा हिशेब निघाला. आमच्या कारखान्याची, त्याला कारखाना म्हणता येत असेल तर, खरी क्षमता दिवसाला बारा किलो होती, कारण तट्ट्या बारा होत्या. त्याआधीची कामे कितीही वेगाने झाली तरी त्या आकड्यात फरक पडणार नव्हता. ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या, म्हणजे रोजच्या कामाची आखणी शिकवणाऱ्या, अभ्यासक्रमात सगळ्या कामाचा वेग अडवणाऱ्या ज्या टप्प्याला बॉटलनेक म्हणतात तो हाच. माल जिथे तुंबतो त्याच्या आधीच्या कामाचा वेग वाढवला, तर तुंबलेला माल तेवढा वाढतो. पैसे यंत्रावर घालण्याआधी ही वही मांडली असती, तर आम्ही आधी तट्ट्या केल्या असत्या.

याच हिशेबाला जोडून एक साधा नियम आहे, जो जॉन लिटल या अमेरिकी अभ्यासकाने १९६१ साली गणिताने सिद्ध केला. एखाद्या व्यवस्थेत सरासरी जेवढे काम पडून आहे त्याला रोज पुऱ्या होणाऱ्या कामाने भागले, की नव्या कामाला सरासरी किती दिवस थांबावे लागेल ते निघते. आमच्याकडे अठ्ठेचाळीस किलोंच्या मागण्या पडून असतील आणि रोज बारा किलो पापड वाळत असतील, तर नव्या दुकानदाराला चार दिवसांचाच वायदा द्यायला हवा. आम्ही सगळ्यांना दोन दिवस सांगत होतो आणि मग रोज सकाळी फोनवर दिलगिरी व्यक्त करत होतो.

उपाय शेवटी अगदी साधा निघाला. रोज सकाळी वहिनी आधी वाळवणाच्या खोलीत जातात, किती तट्ट्या रिकाम्या झाल्या ते मोजतात आणि तेवढ्याच किलोंचे पीठ मळायला घेतात. टोयोटा या जपानी मोटार कंपनीत ताइची ओनो या अभियंत्यांनी १९५० च्या दशकात हीच दृष्टी कारखान्यात रुजवली. अमेरिकी सुपरमार्केटमध्ये फळीवरचा माल गिऱ्हाईकाने उचलला की तेवढाच पुन्हा भरला जातो, यावरून त्यांना ती कल्पना सुचली होती. पुढच्या कामाने मागितल्याशिवाय मागच्या कामाने माल करायचा नाही, एवढेच तिचे सूत्र आहे. आमच्याकडे रिकामी तट्टी हीच मागणीची चिठ्ठी झाली. नंतर वेल्डिंगवाल्याकडून आणखी आठ तट्ट्या करून घेतल्या, तेव्हा कुठे त्या यंत्राचे पैसे सत्कारणी लागले.

वाळवणाचीच अडचण लिज्जतपुढेही उभी राहिली होती, हे वाचले तेव्हा मला फार जवळचे काही सापडल्यासारखे वाटले. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पुडे तयार झाले. पहिल्या वर्षी पावसामुळे पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला, खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह ठेवला आणि पावसातही काम सुरू राहिले. बॉटलनेक हा शब्द त्यांनी ऐकला असेल असे मला वाटत नाही. पण पैसे नेमके कुठे घालायचे, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले कळले होते.

व्यवसायाचे धोरण आणि रोजच्या कामाची मांडणी या दोन गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत बसून ठरवायच्या असतात, असा समज मी बरीच वर्षे बाळगला होता आणि लिज्जतच्या कामाची पद्धत समजून घेताना तो गळून पडला. तिथे पीठ शाखेत मळले जाते, भगिनी ते तोलून घरी नेतात, घरी लाटून वाळवतात, दुसऱ्या दिवशी तयार पापड शाखेत आणून देतात, ते तपासून आणि तोलून घेतले जातात आणि लाटण्याचा मोबदला मिळतो. चव ज्यावर अवलंबून आहे ते काम एका ठिकाणी ठेवले आहे, म्हणून हजारो घरांत लाटला गेलेला पापड एकाच चवीचा लागतो. आणि ज्या कामाला सर्वांत जास्त हात लागतात ते घराघरांत वाटले आहे, कारण घर सोडून कामावर जाता न येणाऱ्या बाईला मिळकत मिळावी यासाठीच ही संस्था उभी राहिली. लाटण्याचे यंत्र आणले असते, तर कदाचित पापड स्वस्त पडला असता, पण ज्या कारणासाठी काम सुरू केले ते कारणच उरले नसते. लिज्जतचे धोरण कुठे आहे, असे कोणी विचारले, तर मी त्या पिठाच्या डब्याकडे बोट दाखवीन.

आणखी एक निर्णय मला तितकाच मोलाचा वाटतो. सुरुवातीला लिज्जतच्या बायका दोन प्रतींचे पापड करत आणि हलकी प्रत स्वस्तात विकत. ज्यांनी त्यांना मार्गदर्शन केले, त्या छगनलाल करमसी पारेख यांनी एकच प्रत ठेवण्याचा आणि दर्जात तडजोड न करण्याचा सल्ला दिला आणि तो मानला गेला. दोन प्रती म्हणजे पिठाचे दोन घाणे, दोन साठे, तपासणीचे दोन निकष आणि पापड एकमेकांत मिसळण्याचा रोजचा धोका. शिवाय स्वस्त पापड खाणारे गिऱ्हाईक नाव मात्र एकच लक्षात ठेवते. हार्वर्डचे प्राध्यापक विकहॅम स्किनर यांनी १९७४ साली हेच कारखान्यांबद्दल मांडले, की थोड्याच आणि एकमेकांशी जुळणाऱ्या कामांवर लक्ष ठेवणारा कारखाना सगळे काही करू पाहणाऱ्या कारखान्यापेक्षा सरस ठरतो.

यंदा फेब्रुवारीत एका घाऊक व्यापाऱ्याने आम्हाला उडदात दुसरे पीठ मिसळून स्वस्त पापड करून द्याल का, असे विचारले. मागणी मोठी होती आणि मी दोन दिवस घोळत राहिले. वहिनींनी एकच प्रश्न केला, "त्या पापडाला तट्ट्या कुठून आणायच्या?" वीस तट्ट्यांपैकी दहा त्यात गेल्या असत्या, आमच्या नेहमीच्या दुकानदारांचा वायदा चार दिवसांवरून आठ दिवसांवर गेला असता आणि ज्या पापडासाठी ते थांबतात तोच मागे पडला असता. आम्ही नकार कळवला.

पावसाळ्याचा प्रश्न मात्र आम्ही लिज्जतपेक्षा वेगळ्या रीतीने सोडवला आहे. आमची खोली लहान आणि कोंदट आहे, तिथे शेगडी पेटवून चार महिने पापड वाळवणे मला सुरक्षित वाटले नाही. पण सहा जणींची मिळकत थांबवणेही मान्य नव्हते. म्हणून जूनपासून पापड बंद करायचे आणि भाजणी व मेतकूट वाढवायचे असे ठरले, कारण त्यांत निवडणे, भाजणे आणि दळणे आहे, वाळवणे नाही. उपासाच्या भाजणीला श्रावणात मागणी असतेच. परवा तट्ट्या धुऊन, पुसून माळ्यावर ठेवल्या आणि त्याच खोलीत आता धान्य निवडायला सहा जणी बसल्या आहेत. भाजायची मोठी कढई एकच आहे आणि वहिनींनी कालपासून तिच्याशेजारी वही ठेवली आहे.