आगळ

रात्रीचे अडीच वाजले असतील. मागच्या खोलीचा पत्रा वाजला आणि कुत्री एकदम भुंकायला लागली. त्या खोलीत वेचलेला सगळा कापूस आहे, भाव वाढेल म्हणून ठेवलेला. मी कुऱ्हाड उचलली आणि दाराची आगळ काढायला गेलो. आप्पांनी मनगट धरलं. इतकं घट्ट की हात सुटेना.

"दार उघडू नको. घरातली माणसं आधी."

त्यांनी बाहेरचा दिवा लावला आणि आतूनच ओरडले, "कोन शे रे तठे?" मी ११२ लावला. आई दोन्ही पोरांना घेऊन मधल्या खोलीत बसली. शेजारचे दिवे लागले आणि भिंतीवरून कोणीतरी उडी टाकल्याचा आवाज आला. मला त्याच्यामागे पळायचं होतं. आप्पांनी तेव्हाही सोडलं नाही.

सकाळी पाहिलं, खिडकीचा एक गज वाकवलेला होता. गजाला कापसाचा एक पुंजका अडकला होता. तो पाहून पोटात गोळा आला.

दिवसभर कायदा वाचला. भारतीय न्याय संहितेचं कलम ४१ सांगतं, सूर्यास्तानंतर घर फोडणाऱ्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क त्याचा जीव घेण्यापर्यंतही जाऊ शकतो. पण कलम ३७ म्हणतं, बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि घरफोडीपुरता हा हक्क तो घरात आहे तोवरच. भिंत ओलांडून पळालेल्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली असती, तर तो बचाव राहिला नसता. आप्पांनी यातलं काहीच वाचलेलं नाही.

संध्याकाळी पारावर पोरं तावातावाने बोलत होती, अनोळखी दिसला की आधी ठोकायचा. मला राहवलं नाही. म्हटलं, राईनपाडा आठवतो का? आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा, आणि भिक्षा मागायला आलेले डवरी गोसावी समाजाचे पाच जण ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकले. त्यांचीही घरी लेकरं होती. माझा आवाज चढला होता. कोणी काही बोललं नाही.

मग पाळ्या ठरल्या. चौघे, दोन बॅटऱ्या, शिट्ट्या. कोणी दिसला तर शिट्टी, दिवे आणि ११२, हात कोणीच उचलायचा नाही. गज उद्या वेल्डिंग होईल. आज पहिली पाळी माझी. आप्पा म्हणाले, मफलर घे, थंडी फार आहे. कुऱ्हाड त्यांनी आपल्या खाटेखाली सरकवून ठेवली.