साडेचारचं पाणी

लालबागच्या आमच्या चाळीत पाणी पहाटे साडेचारला यायचं आणि पाऊण तासात जायचं. चाळ पाडून टॉवर झाला, नळाला चोवीस तास पाणी आलं. आई मात्र अजून साडेचारलाच उठते आणि दोन हंडे, एक पिंप भरून ठेवते. ‘गेलं म्हणजे?’ एवढंच तिचं म्हणणं.

मी तिला हसत नाही. ज्याच्यावर माझं पोट चालतं ते गणितही असंच वागतं.

रासायनिक अभिक्रिया कॉम्प्युटरवर चालवून बघणं हे माझं काम. कॉम्प्युटर वेळ छोट्या-छोट्या पावलांनी पुढे नेतो आणि दर पावलाला किती पदार्थ उरला ते काढतो. गोची अशी की एकाच भांड्यातल्या अभिक्रिया एका वेगाच्या नसतात. १९६६ सालचं रॉबर्टसनचं उदाहरण आमच्याकडे सगळे गिरवतात: पदार्थ तीनच, पण वेगाचे आकडे ०.०४, १० हजार आणि ३ कोटी! चपळ पदार्थ क्षणार्धात आपल्या पातळीवर येऊन बसतो, पुढे सगळं संथ. आता लांब ढांगा टाकायला काय हरकत आहे?

हरकत आहे. समजा, एक पदार्थ उरलेल्या मात्रेच्या सेकंदाला १००० पट या दराने विरतोय. आत्ताचा उतार, म्हणजे बदलाचा वेग, बघून पुढचं पाऊल टाकायचं, ही गणितज्ञ ऑयलरची सरळ पद्धत. पाऊल ०.००३ सेकंदाचं घेतलं की दर पावलाला उत्तराला उणे २ ने गुणलं जातं. १, उणे २, ४, उणे ८. बरणीत उणे आठ चमचे साखर! पदार्थ केव्हाच संपलेला असला तरी त्याचा धाक संपत नाही, पाऊल ०.००२ च्या आतच ठेवावं लागतं. तासाभराच्या अभिक्रियेला १८ लाख पावलं. अशा समीकरणांना १९५२ साली कर्टिस आणि हिर्शफेल्डर यांनी ‘स्टिफ’ म्हटलं. मराठीत ताठर. (हा शब्द घरात मोठ्याने उच्चारत नाही.)

उपाय लोकलवाल्यांना ठाऊक आहे. करी रोडला मी समोर येईल त्या डब्यात चढत नाही. ठाण्याला पुलासमोर कोणता डबा लागतो ते धरून फलाटावर उभा राहतो. उलट्या ऑयलरचंही तेच, उतार पोहोचायच्या ठिकाणचा घ्यायचा. मग त्याच ०.००३ ला उत्तर १, पाव, एक सोळांश असं निमूट विरतं. फुकट नाही अर्थात. पोहोचण्याआधीच तिथला उतार हवा, म्हणून दर पावलाला समीकरणांचा अख्खा संच सोडवायचा. शिवाय सुरुवातीलाच ढांग टाकली तर पहिली उसळी दिसतच नाही. तिथे बारीक पावलंच हवीत, लांबवायची नंतर.

हे सगळं पाठ असूनही परवा रात्री दीडशे पदार्थांचं एक गणित लावून झोपलो आणि पद्धत बदलायला विसरलो. पहाटे पिंपाच्या आवाजाने जाग आली. पडद्यावर ११ लाखावं पाऊल.

‘झालं का रे तुझं?’ आईने नळ बंद करत विचारलं.

‘अजून सात लाख.’

‘मग चहा टाकते.’