हिमोग्लोबिन नॉर्मल, तरी दुखणं हीमचंच

त्या मुलीचं हिमोग्लोबिन १२.८ आलं, तर आईचा चेहराच पडला. "रक्त कमी निघालं असतं तर बरं, मॅडम. कशानं दुखतंय ते तरी कळलं असतं."

ऑक्टोबरातली गोष्ट. विशीतली पोर पोट धरून कळवळत होती. अशाच दुखण्यात पूर्वी अपेंडिक्स काढून झालेलं. या खेपेला सोनोग्राफी साफ. आधीच्या दवाखान्यानं 'टेन्शन' म्हणून वाटेला लावलेलं. पण नाडी १२० आणि सोडियम ११८. टेन्शननं सोडियम एवढं उतरत नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट, पेशंट मला सहसा बाटलीतूनच भेटतो. सकाळी पिवळं असलेलं तिचं लघवीचं सॅम्पल खिडकीच्या कट्ट्यावर राहिलं होतं. दुपारी पाहते तर कोऱ्या चहासारखं लालसर काळं. "रक्त जातंय वाटतं," टेक्निशियन म्हणाला. पण पट्टीवर रक्त निगेटिव्ह, मायक्रोस्कोपखाली एकही लाल पेशी नाही.

युरोबिलिनोजेन या पित्तापासून बनणाऱ्या द्रव्याच्या तपासणीसाठी एर्लिखचं रसायन लॅबमध्ये असतंच. ताजं सॅम्पल मागवून नळीत दोन्ही मिसळलं; गुलाबी लाल. युरोबिलिनोजेननंही असा रंग येतो, म्हणून सोडियम अ‍ॅसिटेट आणि क्लोरोफॉर्म घालून नळी हलवली नि स्टँडला लावली. युरोबिलिनोजेन असतं तर रंग खालच्या क्लोरोफॉर्ममध्ये उतरला असता. खालचा थर बिनरंगी राहिला, वरचा लालभडक. ब्यूटेनॉलनंही रंग ओढून घेतला नाही. वॉटसन आणि श्वार्ट्झ यांची ही १९४१ सालची तपासणी एमडीच्या परीक्षेपुरती घोकलेली. पॉझिटिव्ह पहिल्यांदाच पाहत होते. पोर्फोबिलिनोजेन, हीम बनताना मधेच तयार होणारा माल! म्हणजे बहुधा अक्यूट इंटरमिटंट पोर्फिरिया, हीम बनवण्यातला एक आनुवंशिक दोष.

हीम म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, म्हणून हीम म्हटलं की आपण थेट रक्तावर जातो. बहुतेक हीम अस्थिमज्जेत बनतं हे खरं, पण यकृतालाही ते लागतं. औषधांचा निचरा करणाऱ्या सायटोक्रोम पी-४५० एन्झाइमांच्या गाभ्यात तेच असतं. ते बनवायची सुरुवात ग्लायसिन या अमिनो आम्लापासून, एकेक टप्पा पार पाडणारी एकूण आठ एन्झाइमं, आणि अगदी शेवटी तयार चौकटीत लोहाचा एक अणू बसतो. हिचं तिसरं एन्झाइम निम्म्याच ताकदीचं. एरवी तेवढ्यावर भागतं. पण उपासमार झाली, किंवा यकृताची हीमची मागणी वाढवणारं औषध पोटात गेलं, की पहिलं एन्झाइम सुसाट सुटतं आणि माल तिसऱ्यापाशी तुंबतो. त्या अर्धवट मालानं मज्जातंतूंना इजा होते, पोटदुखी त्यातूनच. मज्जेतलं पहिलं एन्झाइम मात्र वेगळ्या जनुकाचं, ते लोहाच्या पुरवठ्यावर चालतं. म्हणून हिमोग्लोबिन ठणठणीत!

फिजिशियनना फोन लावला. "सर, फिट आली तरी फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन नको. दोन्ही यकृताची हीमची मागणी वाढवतात."

"सोडियम एवढं कमी, फिट येईल म्हणून फेनिटॉइन लिहून ठेवलं होतं. खोडतो."

मग आईला विचारलं, उपास वगैरे होता का? "नवरात्र ना, मॅडम. कडक धरलंय, नुसत्या ताकावर. लग्न जमू दे म्हणून." आणि अपेंडिक्स काढलं तेव्हा? बाई जरा थांबली. तेव्हाही घट बसलेलेच होते.

ग्लुकोज पहिल्या एन्झाइमला लगाम घालतं. दिवसाला ३०० ग्रॅमच्या आसपास द्यावं लागतं, आणि इथे तर सोडियम सांभाळून. म्हणून मोठ्या शिरेतून दाट ग्लुकोजचं सलाइन सुरू झालं. खरं औषध हीमच, तेही शिरेतून. महागडं, आमच्याकडे कुणी ठेवत नाही. त्याची फोनाफोनी चालू असतानाच दुखणं ओसरू लागलं. पक्क्या मोजमापासाठी सॅम्पल फॉइलमध्ये गुंडाळून बर्फात मुंबईला धाडलं, कारण उजेड लागला की पोर्फोबिलिनोजेन टिकत नाही. रिपोर्टनं शिक्कामोर्तब केलं.

डिस्चार्जच्या वेळी वर्ज्य औषधांची यादी हातात दिली आणि बजावलं, उपास आता कायमचे बंद. हा दोष बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून येतो, पुष्कळांना जन्मभर त्रासही होत नाही, हेही सांगितलं. आईला काळजी देवीची. "तिच्या वाटचे उपास मी धरीन."

म्हटलं, "थांबा. आधी तुमची तपासणी होऊ दे."